प्रवेश परीक्षा बुद्धी मोजते की तयारी?

"डॉक्टर, याची बुद्धीच कमी आहे का हो?" नीटच्या सराव परीक्षेत गुण घसरले की काही आईवडील मुलाच्या देखत हा प्रश्न विचारतात. मूल डोकेदुखीसाठी आलेले असते, पण खरी तक्रार ही असते.

प्रवेश परीक्षेचे गुण म्हणजे जन्मजात बुद्धीचे माप, ही समजूत सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घट्ट रुजली. पुढे तिथेच तिला तडे गेले. तो इतिहास आपल्या पालकांनी वाचण्यासारखा आहे.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्यात कोणाला कोणते काम द्यायचे हे ठरवण्यासाठी रॉबर्ट यर्कीझ या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सुमारे 17 लाख जणांच्या बुद्धिचाचण्या झाल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांना 'आर्मी अल्फा' नावाचा लेखी पेपर होता, इतरांना चित्रांचा 'आर्मी बीटा'. ही आकडेवारी प्रिन्स्टनचे प्राध्यापक कार्ल ब्रिगहॅम यांनी हाती घेतली. 1923 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष काढला, की उत्तर युरोपातले लोक जन्मतः अधिक बुद्धिमान आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले कमी. गंमत म्हणजे, जे स्थलांतरित अमेरिकेत जास्त वर्षे राहिले होते त्यांचे गुण जास्त होते, हे त्याच आकड्यांत दिसत होते. चाचणी भाषेची आणि सवयीची ओळख मोजत होती, हा साधा अर्थ त्यांनी घेतला नाही.

याच ब्रिगहॅम यांनी कॉलेज प्रवेशासाठी 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट' म्हणजे एसएटी तयार केली. ॲप्टिट्यूड म्हणजे अंगची क्षमता. 23 जून 1926 रोजी 8,040 विद्यार्थ्यांनी ती दिली. 97 मिनिटांत 315 प्रश्न! एका प्रश्नाला वीस सेकंदसुद्धा नाहीत. आपल्या नीटमध्ये 3 तासांत 180 प्रश्न म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट, तरी मुलांची दमछाक होते.

1930 मध्ये ब्रिगहॅम यांनी स्थलांतरितांबद्दलचे आपले निष्कर्ष निराधार होते असे स्वतःच शोधपत्रिकेत लिहिले. पण परीक्षा वाढतच गेली. हार्वर्डने शिष्यवृत्तीसाठी ती वापरली, 1947 मध्ये अशा परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था उभी राहिली. या परीक्षेची शिकवणी लावून काही उपयोग नाही, असे परीक्षा घेणारे अनेक वर्षे ठामपणे सांगत राहिले. क्षमता जन्मजात असेल, तर ती शिकवणीने कशी वाढणार?

हे खोटे पाडले ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका प्लंबरच्या मुलाने. स्टॅन्ले कॅप्लन यांना डॉक्टर व्हायचे होते. कॉलेजात उत्तम गुण असूनही पाच मेडिकल कॉलेजांनी त्यांना नाकारले. आपण ज्यू आहोत आणि सरकारी कॉलेजातून शिकलो म्हणून हे झाले, असे त्यांचे मत होते. त्या काळी अमेरिकेतली अनेक मेडिकल कॉलेजे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवत, त्यामुळे ते मत बिनबुडाचे म्हणता येणार नाही. कॅप्लन पुढे आयुष्यभर लेखी परीक्षेच्या बाजूने राहिले, कारण पेपर तपासताना आडनाव दिसत नाही.

1938 पासून ते आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या घेत. 1946 मध्ये एसएटीची पहिली विद्यार्थिनी आली. प्रश्न गुप्त असत, म्हणून परीक्षा संपली की कॅप्लन मुलांना पार्टी द्यायचे आणि आठवतील ते प्रश्न विचारून घ्यायचे. त्या प्रश्नांवरून पुढच्या मुलांचा सराव. क्लासची जाहिरात खोटी आहे का, हे शेवटी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने तपासले. 1979 च्या अहवालात काही विद्यार्थ्यांचे गुण शिकवणीने प्रत्येक विभागात सुमारे 25 ने वाढल्याचे आढळले. विभागाचे गुण 200 ते 800 या पट्टीवर असतात. म्हणजे वाढ खरी, पण चमत्कार नव्हे. क्लासच्या फ्लेक्सवरचे फोटो बघताना हा आकडा लक्षात असू द्या. 1990 च्या दशकात परीक्षेच्या नावातून 'ॲप्टिट्यूड' हा शब्द गेला. आणि 2015 मध्ये परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डानेच खान अकॅडमीबरोबर मोफत सराव सुरू केला!

तयारीने फरक पडतो, मग कोणत्या तयारीने? 2006 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिके यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना एकदा वाचून आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणे कंटाळवाणे असते, पण टिकते तेच.

झोपेचे तर त्याहून जुने. 1924 मध्येच कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबॅख यांनी दाखवले होते, की पाठ करून झोपलेल्या माणसाला तितकेच तास जागे राहिलेल्यापेक्षा अधिक आठवते. रात्री दोनपर्यंत बसून वाचलेले अर्धे त्या जागरणातच जाते. किमान सात-आठ तास झोप हवीच.

यर्कीझ यांचा सैन्याआधीचा एक प्रयोगही सांगतो. 1908 मध्ये त्यांनी आणि डॉडसन यांनी उंदरांना दोन खोक्यांतले योग्य खोके ओळखायला शिकवले. चुकले की विजेचा झटका. काम सोपे असताना जोराच्या झटक्याने उंदीर लवकर शिकले. काम अवघड केल्यावर मात्र जोराच्या झटक्याने शिकणे मंदावले, सौम्य झटका पुरेसा ठरला. मुले उंदीर नव्हेत, पण नीटचा पेपर सोपाही नव्हे, आणि घरातले रोजचे टोमणे सौम्य नसतात.

परीक्षेआधी थोडी धडधड, एखादी रात्र झोप न येणे चालेल. दोन आठवड्यांहून अधिक झोप उडाली, जेवण तुटले, मूल बोलेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवा. शेजारच्या मुलाने सांगितलेली झोपेची किंवा जागे राहण्याची गोळी देऊ नका. 'जगण्यात अर्थ नाही' असे मूल बोलले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते.