राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेलं घर

घर बांधायचं म्हटलं की आधी कशाचा विचार होतो? दार कुठल्या दिशेला, हॉल केवढा, पाहुण्यांना काय दिसेल. बाबासाहेबांनी घर बांधलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता : पुस्तकं कुठे ठेवायची? दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे आपण नतमस्तक होतो, पण त्या घराचा नकाशा कुणी वाचतो का?

त्याआधी बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कामगारांसाठी ज्या चाळी बांधल्या, त्यातलीच ही एक. चाळीतलं जगणं आपल्याला सांगायला नको. लहान खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास आणि दिवसभर गलका. बाबासाहेबांकडे दोन खोल्या होत्या. एकीत संसार, दुसरीत अभ्यास, पुस्तकं आणि भेटायला येणारी माणसं. बॅरिस्टर होऊन आल्यावर, महाडचा सत्याग्रह झाल्यावर, गोलमेज परिषदेला निघतानाही त्यांचा पत्ता हाच होता.

घर नसणं म्हणजे काय, हे त्यांनी बडोद्यात भोगलं होतं. 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेल्या या माणसाला संस्थानात मोठी नोकरी मिळाली, पण राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. पगार आणि पदवी असूनही डोक्यावर छप्पर नव्हतं, कारण छप्पर जातीच्या मालकीचं होतं. आज शहरात भाड्याने खोली शोधताना ज्यांना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आधी विचारला जातो, त्यांना हा इतिहास जुना वाटणार नाही.

1930 च्या सुमारास पुस्तकं चाळीत मावेनाशी झाली. बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत जागा घेतली, कर्ज काढलं आणि घराच्या आखणीत स्वतः लक्ष घातलं. खाली कुटुंबाच्या राहण्याच्या खोल्या, वर ग्रंथालय आणि कार्यालय. 1933 च्या सुमारास घर उभं राहिलं. त्यांच्या दिनक्रमात रात्र-रात्र वाचन, लेखन आणि कार्यकर्त्यांची ये-जा होती. घराला आकार दिला तो याच दिनक्रमाने. शास्त्र, मुहूर्त किंवा शेजाऱ्याची बरोबरी यांनी नव्हे.

नावातही विचार आहे. राजगृह ही मगधाची राजधानी, बिंबिसाराचं नगर. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतरची पहिली संगीती तिथेच भरली. येवल्याची घोषणा झाली 13 ऑक्टोबर 1935 ला, म्हणजे घर उभं राहिल्यावर. धम्माचा विचार बाबासाहेबांच्या मनात 1956 मध्ये अचानक आला असं म्हणणाऱ्यांनी या घराच्या दारावरचं नाव वाचावं.

काही जण विचारतात, ‘चाळीतली आपली माणसं सोडून बाबासाहेब सवर्णांच्या कॉलनीत का गेले?’ या प्रश्नातच खोट आहे. अस्पृश्याने गावकुसाबाहेर राहावं हा मनूचा नियम. तो आपणच आपल्या नेत्याला लावायचा का? कुठे राहायचं ते जात ठरवणार नाही, हे त्यांनी कॉलनीत घर बांधून दाखवलं. आणि माणसं सुटली नाहीत, ती राजगृहावर येतच राहिली. डिसेंबर 1956 मध्ये त्यांचं पार्थिव दिल्लीहून आणलं गेलं तेही इथेच.

या घराला दुःखाची बाजूही आहे. ज्या रमाईने गरिबीत संसार ओढला, तिला हे घर फार थोडा काळ लाभलं. 27 मे 1935 ला तिथेच तिचं निधन झालं. बाबासाहेबांनी जवळच ‘चार मिनार’ नावाची दुसरी इमारत भाड्याने देण्यासाठी बांधली होती. कर्ज आणि पुस्तकांचा खर्च भागवण्यासाठी 1941 मध्ये ती त्यांनी विकली. मालमत्ता गेली, ग्रंथालय राहिलं. त्यांच्या लेखी श्रीमंती कशात होती, ते या एका व्यवहारातून कळतं.

आज रमाईच्याच नावाने घरकुल योजना आहे. 269 चौरस फुटांचं घर. वस्त्यांमध्ये काम करताना दिसतं की इतक्याशा जागेतही टीव्हीची भिंत आधी ठरते. बाबासाहेबांच्या तसबिरीलाही मानाची जागा मिळते. पण दहावीतली मुलगी अभ्यासाला कुठे बसणार, हे ठरलेलं नसतं. ती चुलीजवळ किंवा उंबऱ्यावर वही घेऊन बसते. दोष गरिबीचा आहे, योजनेचाही आहे. 269 फुटांत राजगृह होत नाही, हे मान्य. पण भिंत उभी राहण्याआधी गवंड्याला सांगून पुस्तकांसाठी एक कोनाडा, खिडकीजवळ एक ओटा आणि वर एक दिवा नक्की होतो. ज्यांनी शहरात दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट घेतलाय, त्यांना तर सबबच नाही.

जुलै 2020 मध्ये राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली तेव्हा आपण पेटून उठलो. उठायलाच हवं होतं. पण राजगृहाचं रक्षण फक्त दादरमध्ये होत नाही. ते आपल्या प्रत्येक घराच्या नकाशात होतं. पुढचं घर बांधाल तेव्हा कागदावर पहिली रेघ मुलीच्या अभ्यासाच्या जागेची ओढा.

जय भीम!