आधी वापरले, मग वगळले : एचआयव्हीसह जगणाऱ्या गर्भवती आणि संशोधन

'गर्भवती स्त्रीवर औषधाचा अभ्यास नको' हे वाक्य ऐकायला दयेचे वाटते. आम्हाला ते तपासावेसे वाटते. एखाद्याला बाहेर ठेवण्यात नेमके कुणाचे भले असते, हे आमच्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही.

इतिहास पाहू. फेब्रुवारी 1994 मध्ये अमेरिका व फ्रान्समधील एका अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. झिडोव्हुडिन हे औषध गर्भारपणात व बाळंतपणात आईला आणि पुढे बाळाला दिले, तेव्हा आईकडून बाळाला होणारी लागण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर आली. श्रीमंत देशांत हा उपचार लगेच रूढ झाला. गरीब देशांना तो परवडणारा नव्हता, म्हणून थायलंड, आयव्हरी कोस्ट अशा देशांत कमी दिवसांच्या, स्वस्त उपचाराचे अभ्यास सुरू झाले. त्यात तुलनेसाठी काही गर्भवतींना औषधच नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या.

1997 मध्ये पीटर लुरी व सिडनी वुल्फ या डॉक्टरांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. वैद्यकीय संपादक मार्सिया एंजेल यांनी थेट टस्कीगीची आठवण करून दिली. अमेरिकेतल्या टस्कीगीत 1932 पासून 40 वर्षे सिफिलिस झालेल्या गरीब काळ्या पुरुषांना उपचाराविना नुसते 'पाहिले' गेले. पेनिसिलिन आल्यावरही ते दिले नाही. हे उघड झाले 1972 साली, इकडे दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी.

दुसरी बाजूही होती. आमच्या देशात परवडेल असे उत्तर आम्हालाच शोधू द्या, असे युगांडातील संशोधकांचे म्हणणे होते. 1998 मध्ये थायलंडचा निकाल आला : लागण 18.9 टक्क्यांवरून 9.4 टक्क्यांवर. त्यानंतर अशा गोळ्या देणे थांबले. शोध उपयोगी होता, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न एवढाच : औषध काम करते हे ठाऊक असताना ते न देण्याची मुभा कुणाच्या गरिबीमुळे मिळाली?

आता नाण्याची दुसरी बाजू. डोल्युटेग्रॅविर हे प्रभावी औषध 2013 मध्ये मंजूर झाले, पण मंजुरीसाठीच्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळले होते. मे 2018 मध्ये बोत्सवानातून बाळाच्या मज्जारज्जूतील दोषाचा इशारा आला : 426 जन्मांत 4. काही देशांनी मूल होऊ शकणाऱ्या सरसकट सगळ्या स्त्रियांना हे औषध नाकारले. जुलैमध्ये किगालीत जमलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या आफ्रिकी स्त्रियांनी ठणकावले, की माहिती द्या, निर्णय आम्ही घेऊ. 2019 पर्यंत आणखी जन्मांची नोंद झाली, धोका बराच कमी दिसला आणि जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी या औषधाची शिफारस केली. ही माहिती आधीच गोळा करता आली नसती का?

अभ्यास न करण्याची किंमतही स्त्रीच मोजते. क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड एचआयव्ही असलेल्या गर्भवतींना द्यावे, अशी शिफारस पुरेशा पुराव्याविनाच झाली होती. मग 8 देशांत 956 गर्भवतींचा अभ्यास झाला, पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय त्यातले एक केंद्र. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : गर्भारपणातच औषध सुरू केलेल्यांत गर्भपात, मृतजन्म, कमी वजन असे वाईट परिणाम 23.6 टक्के, बाळंतपणानंतर सुरू केलेल्यांत 17 टक्के. सहभागी स्त्रियांमुळेच हे कळले.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. वापरणे आणि वगळणे या एकाच अन्यायाच्या दोन बाजू आहेत, कारण दोन्हीकडे स्त्रीला विचारलेले नसते. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतिणीची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला आणि तिचा भार सरकारनेही उचलावा असे मांडले. संशोधनातला धोकाही एकट्या आईच्या पदरी टाकता येणार नाही.

तिला समाविष्ट करा, पण हक्काने. संमतीपत्र तिला समजेल अशा भाषेत असावे. नकार दिला तरी तिचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत. सिद्ध झालेले औषध अभ्यासानंतरही तिला मिळावे. नैतिक समितीत एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया असाव्यात, आणि त्यांत वस्तीतल्या, मजूर, दलित-आदिवासी स्त्रिया असाव्यात. आम्हाला दया नको, निर्णयातला वाटा हवा.

जय भीम!