परतीची वायर

मागच्या वीकांताची गोष्ट. आजीला घेऊन पुण्याहून संगमनेरला निघालो होतो, आणि तेही आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीतून. गाडी 1986 ची. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ती बहुतेक वेळ पार्किंगमध्ये झाकलेलीच असते. निघताना बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "या खेपेला रस्त्यात बसली तर परत आणू नकोस. तिथूनच भंगारात." आजी काही बोलली नाही. मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसली.

आळेफाट्याला चहाला थांबलो. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर (आता अहिल्यानगर) हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. एकीकडे माळशेज घाट उतरून कोकणात जाता येतं. जरा पलीकडे नाणेघाट, म्हणजे सातवाहनांच्या काळात जुन्नरच्या बाजारपेठेतून कल्याणच्या बंदराकडे माल जायचा ती वाट. थोडक्यात काय, घाटाआधी थांबून गाडी-बैल नीट बघून घेणं हा या मुलुखाचा दोन हजार वर्षांचा रिवाज आहे. आम्ही तो पाळला नाही. नुसता चहा प्यायलो.

किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. हेडलाइट झकास, हॉर्न तर असा की शेजारचा टेम्पोवाला दचकला. पण सेल्फ फिरेना.

"ज्ञानोबांनी ज्याच्याकडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथंच आळ्यात आहे," आजी मागून म्हणाली, "आणि तुझी गाडी मुकी ती मुकीच."

मी इंजिनियर माणूस. निदान तयार: बॅटरी गेली. जवळच्या दुकानातून नवी कोरी बॅटरी आणली, चार-साडेचार हजार मोजले, बसवली, किल्ली फिरवली. टक्. चोक ओढून बघितला तर बोटाला चक्क चटका बसला. उन्हाने तापला असेल म्हणून सोडून दिलं. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आता जरा विषयांतर. हा 'सेल्फ' शब्द कुठून आला, असा कधी विचार केलाय? आजच्या गाड्यांच्या माहितीपत्रकात तो सापडत नाही, तिथे 'स्टार्टर मोटर' असते. पण आपल्याकडे कुठल्याही गॅरेजमध्ये जा, सेल्फच म्हणतात. हा शब्द शंभर वर्षांहून जुना आहे. पूर्वी मोटार सुरू करायची तर समोर उभं राहून हँडल मारावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की हात मोडायचा. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनियरने यावर विजेची मोटर बसवली आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये ती पहिल्यांदा बाजारात आली. गाडी स्वतःच स्वतःला सुरू करते, म्हणून 'सेल्फ-स्टार्टर'. त्यातला स्टार्टर गळला आणि सेल्फ उरला.

केटरिंगची खरी हुशारी दुसरीच होती. जाणकारांचं म्हणणं होतं की इंजिन फिरवू शकणारी मोटर इंजिनाएवढीच अवजड होईल. केटरिंग त्याआधी दुकानांतल्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवत होता. तिथला गल्ल्याचा खण उघडायला क्षणभरच जोर लागतो. मग मोटर लहानच घ्या आणि थोडाच वेळ तिला तिच्या कुवतीबाहेर पळवा! कल्पना भन्नाट, पण तिची किंमत तारांना मोजावी लागते. तो 'थोडाच वेळ' चालतो तेव्हा बॅटरीतून शे-दीडशे अँपिअर करंट वाहतो. घरातल्या मिक्सरला दोन-तीन अँपिअर पुरतात, म्हणजे बघा. बॅटरीची केबल अंगठ्याएवढी जाड असते ती यासाठीच.

दुसरी गंमत 'अर्थ' या शब्दाची. गाडी रबरी टायरांवर उभी, जमिनीशी तिचा विजेचा संबंध नाही, तरी आपण बॉडीला अर्थ म्हणतो. का? त्याचं मूळ तारायंत्रात आहे. 1838 मध्ये जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल रेल्वेच्या रुळांतून तारेचे संदेश पाठवायचे प्रयोग करत होता. त्यातून त्याच्या लक्षात आलं की करंट परत यायला वेगळी तार लागतच नाही, जमीनच ते काम करते. निम्मी तार वाचली! मोटारवाल्यांनी हीच युक्ती उचलली. जमिनीऐवजी लोखंडी बॉडी, पण नाव तेच राहिलं. बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडायचं आणि प्रत्येक दिव्याला एकच वायर न्यायची. परतीची वाट बॉडीतून.

बॉडीला कुठलं टोक जोडायचं यावरही मतभेद होते. 1930 च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. फियाटच्या घराण्यात निगेटिव्ह. जुनी गाडी घेणाऱ्यांनी बॅटरी बसवण्याआधी हे बघूनच घ्यावं. उलटी बसवली तर धूर निघू शकतो.

असो. परत आळेफाट्याला येऊ. टेम्पोवाल्यालाच दया आली. त्याने मागच्या गल्लीतून एका म्हाताऱ्या वायरमन मिस्त्रींना आणलं. त्यांनी नवी बॅटरी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"जुनी कुठं हाय?"

"डिकीत."

"बरं झालं. टाकू नका."

मी मल्टिमीटर काढला (हो, मी गाडीत मल्टिमीटर ठेवतो) आणि सांगितलं की सगळ्या वायरी तपासल्यात, कुठेही तुटलेली नाही, रेझिस्टन्स शून्य दाखवतोय. मिस्त्री म्हणाले, "साहेब, झोपलेल्या माणसाची ताकद मोजताय तुम्ही. त्याला ओझं उचलायला लावा, मग मोजा."

त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं बॉडीला, आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. जेमतेम 0.1 व्होल्ट. म्हणजे ती केबल ठीक. मग एक टोक बॉडीला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला. किल्ली फिरवली. टक्... आणि मीटरवर साडेचार व्होल्ट!

मला एकदम घाम फुटला, कारण हिशोब सोपा होता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं. आमच्या गाडीत दोघांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी आहे. तिचं थिंबल हिरवं पडून आतून सडलं होतं. समजा तिथे 0.03 ओहम झाले. माझ्या मीटरला हे शून्यासारखंच दिसणार. पण त्यातून दीडशे अँपिअर जाऊ लागले की गुणाकार करा: साडेचार व्होल्ट तिथेच खर्च. बाराच्या बॅटरीतून सेल्फच्या वाट्याला उरले सात. हेडलाइट आणि हॉर्न मात्र मजेत, कारण त्यांची परतीची वाट थेट बॉडीतून बॅटरीकडे जाते, इंजिनाकडे वळतच नाही.

आणि तो चोकचा चटका? इंजिनातून बॉडीकडे जायची मुख्य वाट बंद झाल्यावर करंटने चोर वाट शोधली होती: कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत जाणारी चोकची बारीक केबल. दीडशेतले थोडे अँपिअर तिच्यातून गेले तरी ती तापणारच. म्हणजे गाडीने कारण सांगितलं होतं. हपिसात रोज इतरांना "आधी लॉग वाचा" म्हणून बजावणारा मी, माझ्याच बोटावर आलेला लॉग वाचला नव्हता. लोड न टाकता टेस्ट करून "सगळं चालतंय" म्हणणं हेही आमच्या धंद्यातलंच पाप.

मिस्त्रींनी एक जुनी जाड केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला टेकवली. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! मग ती पट्टी काढून नवी टाकली, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, नट आवळला, वरून ग्रीस फासलं. अर्धा तास. जुनी बॅटरीही परत बसवली. नवी तेवढी डिकीत गेली.

काम चालू असताना ते गाडीवरून हात फिरवत म्हणाले, "कुर्ल्याचा माल." खरंच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट 1100 आली आणि तिचीच 1970 च्या दशकात पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, स्टीअरिंगवरचा गिअर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. टॅक्सीचं वय वीस वर्षं धरलेलं, त्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस काळ्यापिवळ्या पद्मिन्या रस्त्यावरून गेल्या. त्यातल्या शेवटच्या काही धडधाकटही असतील, पण नियम तो नियम.

आमची मात्र एका पट्टीसाठी भंगारात जाणार होती. मला वाटतं, जुन्या गाड्या बहुतेक अशाच जातात. इंजिन बसलं म्हणून क्वचित, आणि परतीची वायर बघायला कुणाला वेळ नव्हता म्हणून जास्त.

संध्याकाळी संगमनेरला पोचलो. बाबांचा फोन आला तो आजीनेच घेतला. "उशीर का झाला? बसली का कुठे?"

"छे," आजी म्हणाली, "आळेफाट्याला चहाला थांबलो होतो."