पोच

गेल्या वर्षीं एका कंपनीचें बिल माझ्या ई-मेलमध्यें नकोशा टपालाच्या कप्प्यांत पडून राहिलें. मुदत टळली, दंड भरावा लागला. विचारणा करितां उत्तर मिळालें, "गुरुजी, यंत्रानें बिल धाडल्याची नोंद आहे." धाडल्याची नोंद होती; मीं पोच दिली होती काय, हें कोणींच विचारिलें नव्हतें.

हा तंटा यंत्राबरोबर जन्मलेला नाहीं. आमच्या जुन्या पेढ्यांवर हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत देत, तिला 'पेठ' म्हणत. तीहि हरवली तर 'परपेठ'. कागद वाटेंत नाहींसा होणारच, हें सावकारांनीं गृहीत धरिलें होतें. पुढें १८७२ च्या करार कायद्यानें ठरविलें कीं, स्वीकृतीचें पत्र धाडणाराच्या हातांतून सुटलें कीं प्रस्ताव करणारा बांधला जातो. मग पत्र त्याला मिळो वा न मिळो.

टेलिफोन आला आणि हा नियम अडखळला. २२ जुलै १९५९ रोजीं अहमदाबादच्या एका पेढीनें खामगांवच्या व्यापाऱ्यांकडे फोनवरून सरकीची पेंड मागितली. खामगांवकरांनीं होकार दिला. पुढें वाद झाला तेव्हां प्रश्न आला, करार झाला कोठें? १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें सांगितलें : होकार जेथें ऐकूं आला तेथें, म्हणजे अहमदाबादेस. न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांचें मत मात्र निराळें पडलें. तारेला एक नियम, आवाजाला दुसरा!

बिलें आपोआप धाडण्याच्या विद्येचा एक उगम मात्र व्यापारांत नसून युद्धोत्तर बर्लिनमध्यें आहे. १९४८ सालीं रशियानें त्या शहराच्या वाटा रोखल्या. धान्य, कोळसा, सारें कांहीं विमानांनीं न्यावें लागलें. मालाच्या याद्या नाना नमुन्यांच्या, नाना भाषांच्या. विमान उतरलें तरी यादीचा मेळ बसेना. एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकन सैनिकानें व त्याच्या सोबत्यांनीं ठराविक क्रमाची एकच यादी बसविली, जी टेलेक्सनें वा टेलिफोननेंहि सांगतां येई. कोणती बाब कोणत्या जागीं यावयाची हें आधीं ठरलें, म्हणूनच पुढें यंत्राला ती वाचतां आली. १९८७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयानें एडिफॅक्ट नांवाचा जागतिक नमुना ठरला, त्याचें मूळ तत्त्व हेंच.

आपल्याकडे माहिती-तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजीं अमलांत आला. त्याचें तेरावें कलम गृहस्थांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. आपण जो ई-मेल पत्ता नेमून दिला त्यांत कागद शिरला, कीं तो मिळालाच असें, उलट करार नसल्यास, समजतात. उघडून वाचला कीं नाहीं, हा प्रश्नच उरत नाहीं. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना आपसांतील बिलें सरकारी संकेतस्थळावर नोंदविणें भाग पडलें. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. परंतु सरकार तेथें बिलाला क्रमांक देतें. तें गिऱ्हाइकास पोचविणें विक्रेत्याकडेच राहतें.

त्याच कायद्याच्या बाराव्या कलमांत एक सोय आहे. पोच मिळाल्यावरच कागद बंधनकारक होईल अशी अट पाठविणारानें घातली असेल, तर पोच न मिळाल्यास तो कागद धाडलाच नव्हता असें मानतात. पण ही अट घालणें पाठविणाराच्या हातीं आहे, घेणाराच्या नव्हे.