रोजच्या गोळीचा जन्म

माझ्या लहानपणीं जळगांवांत डॉक्टरांकडून औषध आणावयाचें म्हणजे घरची रिकामी बाटली धुऊन न्यावयाची. कंपाउंडर तींत लाल मिक्श्चर भरी आणि बाटलीच्या अंगाला खांचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खांच म्हणजे एक डोस. पट्टी संपली कीं दुखणें संपलें, अशी आमची समजूत असे. औषध हा तेव्हां चार दिवसांचा पाहुणा होता. आज साठी उलटलेल्या माणसाच्या घरीं त्यानें कायमचें बिऱ्हाड थाटलें आहे.

औषधाच्या वेळा सांभाळणें आपल्याकडे नवें नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयांत औषध घेण्याचे दहा काल सांगितले आहेत. रिकाम्या पोटीं, जेवणाच्या आरंभीं, मध्यें, शेवटीं, इतकेंच काय, दोन घासांच्या मध्यें आणि प्रत्येक घासाबरोबरहि! परंतु ज्याचा त्रास जाणवत नाहीं अशा विकारासाठीं जन्मभर औषध घेणें, ही गोष्ट सर्वसामान्य घरांत अलीकडचीच. रक्तदाब हें तिचें ठळक उदाहरण होय. १२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूंतील रक्तस्रावानें वारले. त्यांचा रक्तदाब वाढलेला आहे हें वैद्यांना ठाऊक होतें. पण तो खात्रीनें उतरविणारी गोळी सत्ताधीशालाहि मिळण्याजोगी नव्हती.

अशा वेळीं आपल्याच देशांतील एक मुळी पुढें आली. सर्पगंधा ही वैद्यांच्या परिचयाची. तिचा रक्तदाबावर व उन्मादावर होणारा परिणाम कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनींतील शास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. वकिलांना १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण सहसा सांगत नाहीं. रिसर्पिनची मात्रा अधिक झाली असतां कांहीं रोग्यांना खोल उदासीनतेनें घेरलें, अशा नोंदी लौकरच होऊं लागल्या. पुढें अधिक सोयीचीं औषधें आलीं व तें मागें पडलें. “झाडपाल्याचें आहे, अपाय कसला?” असें म्हणणाऱ्या आमच्या पिढीनें ही हकीकत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मुळींत गुण असेल तर ती औषधच, आणि मग तिलाहि मात्रा आली.

हें मी अधिकारानें नव्हे, ठेंच लागल्यामुळें बोलतों. दोन वर्षांपूर्वीं दोन निरनिराळ्या डॉक्टरांनीं मला दोन निरनिराळ्या नांवांच्या गोळ्या दिल्या. औषध एकच! पहिल्या गोळीविषयीं मी दुसऱ्यांना कांहीं सांगितलें नव्हतें, आणि शिवाय कोणीं दिलेलें एक चूर्णहि घेत होतों. एके सकाळीं न्हाणीच्या दारांत घेरी येऊन पडलों. शाळेंत मुलांना “नीट वाचा” म्हणून तीस वर्षें ओरडलों, आणि स्वतः वेष्टनावरील मूळ द्रव्याचें नांव वाचलें नाहीं! हें नांव व्यापारी नांवापेक्षां मोठ्या अक्षरांत छापावें, असा नियम २०१८ पासून लागूं आहे.

धुळ्याला मी नोकरीस असतांना राजवाडे संशोधन मंडळांत अधूनमधून जात असें. इतिहासाचार्यांच्या मृत्यूनंतर, १९२७ सालीं स्थापन झालेल्या त्या मंडळानें जुने कागद किती जिवापाड जपले आहेत! मला माझा एक कागद जपतां आला नव्हता. आतां त्यावर प्रत्येक गोळी, जीवनसत्त्व, चूर्ण, काढा, सर्व लिहिलें आहे, आणि तो प्रत्येक डॉक्टरांपुढें ठेवतों. तो पाहूनच त्यांनीं मला केळ्यांबद्दल विचारलें. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं रक्तांतील पोटॅशियम वाढतें, केळ्यांतहि तें भरपूर. मूत्रपिंड अशक्त असल्यास जपावें लागतें. जळगांवच्या माणसाला केळें मोजून खा म्हणणें, ही शिक्षा कांहीं लहान नव्हे.

गोळी घेतली कीं आमच्या सौ. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटींत निळ्या पेन्सिलीनें खूण करतात. खूण दिसली कीं डबी पुन्हां उघडावयाची नाहीं. एखाद्या दिवशीं चुकलीच, तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट घ्यावयाची नाहीं, हें डॉक्टरांनीं कागदाच्या तळाशीं स्वहस्तें लिहून दिलें आहे.