दिव्यांच्या उजेडातला आहार

चरबी उतरवायची पण स्नायू हातचे जाऊ द्यायचे नाहीत, या खटाटोपाला जिममध्ये ‘कटिंग’ म्हणतात. आज त्याचं गणित ग्रॅममध्ये मांडलं जातं, म्हणून ही आहारशास्त्राची देणगी असावी असा समज होतो. इतिहास पाहिला तर हा आहार घडवला स्पर्धेच्या मंचाने. शास्त्र मागून आलं. शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा युजेन सँडोने १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरवली. (आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला ज्याचं नाव चिकटलं, तोच हा सँडो.) परीक्षकांत शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल होता, आणि गुण होते ते प्रमाणबद्धतेला, स्नायूंच्या घट्टपणाला, त्वचेला, एकूण प्रकृतीला. अशा कसोटीसाठी कोण कशाला पोट मारेल? खुद्द सँडोचाही कुठल्या खास पथ्यावर भर नव्हता.

बारीक होण्याचा आहार तेव्हा ठाऊक नव्हता असं मात्र नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम बँटिंगने पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून वजन कसं उतरवलं, ते १८६३ सालीच पुस्तिका काढून सांगितलं होतं. पण बँटिंगची नजर वजनकाट्यावर होती. गेलं ते मेद की मांस, हा प्रश्न त्याला पडण्याचं कारण नव्हतं. काट्याला हा फरक कळत नाही, शरीराला कळतो. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं आणि चरबीबरोबर स्नायूही झडले. खाणं तोडलं की शरीर दोन्ही गंगाजळ्यांत हात घालतं. पुरेशी प्रथिनं आणि वजनांचा व्यायाम यांनी दुसरीला कुलूप लावता येतं, हे त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या जिममध्ये अनुभवाने उमगत होतं. १९४८ मध्ये जिम उघडणारा व्हिन्स जिरोंडा स्पर्धेआधी मांस आणि अंडी यांवरच भर देई. त्याचं शरीर इतकं रेखीव होई, की ते परीक्षकांना खटके असं सांगतात. बॉस्टनमधल्या जॉर्ज ब्लॅकबर्न यांनी स्नायू राखणारा अल्पाहार वैद्यकीय पद्धतीने मांडला तो १९७० च्या दशकात.

तोवर परीक्षकांची नजरही बदलली होती. १९६८ मध्ये लंडनचा किताब ताजा ताजा जिंकून अरनॉल्ड श्वार्झनेगर मायामीत उतरला आणि कितीतरी हलक्या फ्रँक झेनकडून हरला. अरनॉल्डचा आकार प्रचंड होता, पण त्यावर कातडीखालच्या मेदाचा गुळगुळीत थर होता. झेनचे स्नायू एकेक करून मोजता येत होते. हाच झेन पुढे १९७७ ते १९७९ सलग तीनदा मिस्टर ऑलिंपिया झाला.

यावर कुणी म्हणेल, आहाराचं कौतुक कसलं, ही सगळी स्टेरॉइडची करामत. आक्षेपात तथ्य आहे: डायनाबॉल अमेरिकेत १९५८ मध्ये बाजारात आलं, आणि कमी खाऊनही स्नायू टिकवणं अशा गोळ्यांनी सोपं केलं. पण त्याच गोळ्या वेटलिफ्टरही घेत होते, आणि वरच्या वजनगटातल्या कुणाला पोटावरची घडी दिसावी म्हणून भात-बटाटा सोडावा लागला नाही. त्यांचा निकाल लोखंड लावत होतं, दिवे नव्हेत. औषधाने क्षमता दिली. ती कुठे खर्चायची, हे मंचाने ठरवलं. ‘मग यात आरोग्याचा काहीच हेतू नव्हता का?’ सँडोच्या गुणपत्रिकेत प्रकृतीला जागा होती; नंतरच्या मंचावर ती उरली नाही. चरबी जवळजवळ संपल्यावर कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये उरलं पाणी, आणि मग तेही काढायला औषधं आली. १९९२ मध्ये हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच मोहम्मद बेनाझिझाचा मृत्यू झाला, आणि १९९६ मध्ये अँड्रियास म्युंझर हा शरीरसौष्ठवपटूही दगावला. पहिल्याच्या संदर्भात लघवी वाढवणाऱ्या औषधांचं नाव घेतलं गेलं, दुसऱ्याच्या संदर्भात त्यांच्यासह आणखी बऱ्याच औषधांचं.