डिक ट्रेसीच्या मनगटावरचा रेडिओ: जरा उशिरा आलेला रिव्ह्यू

आजच्या भागात आपण एका गॅजेटचा रिव्ह्यू करणार आहोत. लाँच डेट १३ जानेवारी १९४६. अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही, किंमत नाही, कारण ही वस्तू दुकानात कधी आलीच नाही. ती वर्तमानपत्रातल्या कॉमिक पट्टीत आली, शाईने काढलेली, आणि बाजूला बाण काढून नाव लिहिलेलं: टू-वे रिस्ट रेडिओ. म्हणजे मनगटावर बांधायचा, ऐकता येणारा आणि बोलताही येणारा रेडिओ.

कॉमिकचं नाव डिक ट्रेसी. चेस्टर गूल्ड नावाचा ओक्लाहोमात जन्मलेला चित्रकार ती १९३१ पासून काढत होता. नायक पोलीस डिटेक्टिव्ह. चौकोनी हनुवटी, पिवळा ओव्हरकोट, समोर विचित्र चेहऱ्यांचे गुंड. शहर अमेरिकेतलंच वाटतं, पण त्यातली यंत्रं काही वर्षं पुढची. चित्रात बाण काढून वस्तूंना लेबल लावायची गूल्डला भारी हौस होती. कोड वाचताना चांगली कमेंट सापडावी तसं मला ते लेबल वाटतं. लिहिणाऱ्याला नेमकं काय महत्त्वाचं वाटत होतं ते त्यातून कळतं.

इथे त्याला महत्त्वाचं वाटत होतं 'टू-वे'. आज आपल्याला हा शब्द फालतू वाटेल. रेडिओवर बोलायचं म्हटल्यावर दोन्ही बाजूंनी बोलणार, त्यात काय? पण अमेरिकन पोलिसांच्या गाड्यांमध्ये रेडिओ आला तो एकतर्फी. डेट्रॉइटमध्ये १९२८ ला पोलिसांचं स्टेशन नियमित सुरू झालं, तेव्हा गाडीतल्या शिपायाला फक्त ऐकू यायचं. हुकूम आला, तो कळला की नाही हे मुख्यालयाला सांगायची सोय गाडीत नव्हती. न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरात १९३३ ला गाडीतून उलट बोलता येऊ लागलं. म्हणजे गूल्डच्या वाचकांना 'वरून फक्त हुकूम येतो' हा जमाना चांगला आठवत होता. ट्रेसी मनगट तोंडाजवळ नेऊन उत्तर देतो, हेच त्यांना नवल होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रिव्ह्यू म्हटल्यावर स्पेसिफिकेशन आलेच. कॉमिकमध्ये हे यंत्र ब्रिलियंट नावाचा एक अंध संशोधक बनवतो. आकार मोठ्या घड्याळाएवढा, आणि रेंज विचाराल तर कथेला लागेल तेवढी. प्रत्यक्षात १९४६ ला हे बनवता आलं असतं का? मी संध्याकाळी कागद घेऊन बसलो.

ट्रान्झिस्टर आला डिसेंबर १९४७ मध्ये, बेल लॅब्जमध्ये. म्हणजे तोवर सगळं व्हॅक्यूम ट्यूबवर, काचेच्या नळ्यांवर. अगदी लहान ट्यूब तेव्हा होत्या. कानाच्या यंत्रासाठी त्या बनल्या होत्या, आणि युद्धात तोफगोळ्याच्या टोकात बसणाऱ्या रेडिओ फ्यूजसाठी त्या लाखांनी तयार झाल्या. त्यामुळे आकाराच्या बाबतीत गूल्ड हवेत बोलत नव्हता.

खरी अडचण बॅटरीची. ट्यूबमधली तार तापवायला एक सेल लागतो आणि ट्यूबमधून प्रवाह ओढायला वेगळी, वीस-पंचवीस व्होल्ट किंवा त्याहून जास्तीची दुसरी बॅटरी. यंत्र शर्टाच्या खिशात आणि बॅटरी वेगळी, असं कानाची यंत्रं वापरणारे लोक वर्षानुवर्षं करत होते. सॅम्युअल रुबेनने युद्धकाळात पाऱ्याचा बटण सेल बनवला आणि गोष्ट जरा सोपी झाली, पण ऐकण्यासाठी. बोलायचं म्हणजे सिग्नल बाहेर फेकायचा, त्याला लागते ताकद. त्या काळी सैन्यात हातात धरायचा जो हँडी-टॉकी होता, एससीआर-५३६, त्याचं वजन सव्वादोन किलो आणि पल्ला साधारण एक मैल. पाठीवरचा एससीआर-३०० पंधरा किलोच्या आसपास. ट्रेसीने एकदाही बॅटरी बदललेली मला आठवत नाही. बॅटरी लाइफला शून्य गुण.

अँटेना मात्र गंमतीची आहे. तरंगाच्या पाव लांबीची तार असली तर काम बरं होतं, असा ढोबळ नियम. अमेरिकेच्या एफसीसीने १९४५ ला सामान्य नागरिकांच्या रेडिओसाठी ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा द्यायचं ठरवलं. त्या फ्रीक्वेन्सीला पाव लांबी येते साधारण १६ सेंटीमीटर. म्हणजे घड्याळाच्या पट्ट्याएवढी! पट्ट्यातच तार लपवता येईल. हे गणित जमलं तेव्हा मी जागेवरून उठलो, खरंच सांगतो. अर्थात इतक्या वरच्या फ्रीक्वेन्सीला मधे इमारती आल्या की आवाज गेला, आणि शेजारचा हातच अर्धा सिग्नल खाणार. गल्लीपुरतं ठीक, पलीकडच्या शहरातून हुकूम घेणं विसरा.

हा पट्टा, हा आकार, ही कल्पना गूल्डकडे आली कुठून? इथे आपल्या गोष्टीत अल ग्रॉस येतो. १९१८ ला टोरंटोत जन्म, वाढला क्लीव्हलँडमध्ये. लहानपणी एका बोटीवर वायरलेस ऑपरेटरची खोली बघितली आणि कायमचा बिघडला. (आपल्यातले बरेच जण सायबर कॅफेत बिघडले, तसंच.) १९३८ ला त्याने हातात धरायचा वॉकी-टॉकी बनवला. कॅनडाचे डॉनल्ड हिंग्ज हेही या शोधाचे दावेदार आहेत, त्या भांडणात आज पडत नाही.

युद्धात अमेरिकेच्या हेरखात्याने, ओएसएसने, ग्रॉसला कामाला लावलं. तिथली 'जोन-एलेनॉर' ही यंत्रणा वाचून थक्क व्हायला होतं. शत्रूच्या मुलखातल्या हेराकडे दोन किलोपेक्षा हलका संच, आणि वर खूप उंचावर घिरट्या घालणारं मॉस्किटो विमान. फ्रीक्वेन्सी २६० मेगाहर्ट्झच्या आसपास. हेर साध्या बोलीत बोलायचा, सांकेतिक मोर्सची भानगड नाही. जमिनीवरच्या जर्मन शोधपथकांना ते ऐकूच यायचं नाही, कारण सिग्नल वर जायचा आणि जमिनीवर थोड्याच अंतरात विरायचा. म्हणजे वर रेंज कमी म्हणून मी नावं ठेवली, तीच इथे हेराचा जीव वाचवत होती.

युद्धानंतर गूल्ड ग्रॉसच्या वर्कशॉपवर गेला, तिथली यंत्रं बघितली आणि मनगटावरच्या रेडिओची कल्पना वापरू का म्हणून विचारलं. ग्रॉस हो म्हणाला. मोबदल्यात त्याला काय मिळालं? त्या कॉमिकमधली पहिली चार मूळ चित्रं. १९४९ मध्ये त्याने पेजरही बनवला. त्याच्या पेटंटची मुदत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संपत आली, मोबाइल बाजारात यायच्या कितीतरी आधी. तो नोकरी करत राहिला, अगदी २००० साली वारला तोपर्यंत. वेळेच्या आधी शिप केलेलं प्रॉडक्ट आणि चुकून आधी शिप केलेला बग, दोन्हीचे पैसे मिळत नाहीत, असं आमच्या टीममधला एक सीनियर म्हणायचा. मला ग्रॉसबद्दल वाईट वाटतं, पण त्याच्या जागी मी असतो तर ती चार चित्रं फ्रेम करून लावली असती, हेही खरं.

आता थोडं थांबून हेच १९४६ साल आपल्याकडे बघूया. कारण रिव्ह्यूमध्ये एक रकाना असतो ना, 'भारतात चालेल का?'

त्या जानेवारीत ट्रेसी मनगटावर बोलत होता, तेव्हा उषा मेहता पुण्याच्या येरवडा तुरुंगात होत्या. गुन्हा? रेडिओवर बोलल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये सगळे पुढारी आत गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि मुंबईत विल्सन कॉलेजात शिकलेली ही बावीस वर्षांची मुलगी आणि तिचे सहकारी यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. लहरलांबी ४२.३४ मीटर. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन ही भूमिगत मंडळी पाठीशी. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चिमूरला काय अत्याचार झाले, ते पेपरात छापता येत नव्हतं तेव्हा या रेडिओने सांगितलं.

४२.३४ मीटरची पाव लांबी काढा. साडेदहा मीटर! मनगट सोडा, ही तार गच्चीवर बांधायला लागते. संच वजनदार, त्याला घरातली वीज लागणार, आणि सिग्नल मात्र लांबवर जाणार, म्हणजे पोलिसांच्या दिशाशोधक गाड्यांनाही मिळणार. म्हणून ही मंडळी सतत जागा बदलायची. सगळं बिऱ्हाड उचलायचं, नवीन फ्लॅट, नवीन तार. शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ ला प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली, आणि तीही गाड्यांच्या हुशारीने नव्हे. त्यांच्याच तंत्रज्ञाने पत्ता फोडला होता. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ च्या वसंतात त्या सुटल्या.

ट्रेसीचं यंत्र आणि उषाताईंचा संच शेजारी ठेवले की मला चित्रातला तो बाण खुपायला लागतो. गूल्डने घड्याळाला बाण लावला, पण घड्याळामागचं जे काही होतं ते चित्रात नाहीच. फ्रीक्वेन्सी कोणी दिली, पलीकडे कोण ऐकतंय, बोलायचा परवाना कोणाचा. ट्रेसीला हे प्रश्न पडत नाहीत कारण तो स्वतःच सरकार आहे. आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने वायरलेस संच नुसता बाळगायलाही परवाना लागायचा. स्वातंत्र्यानंतरही घरातल्या साध्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन पासबुकासारख्या पुस्तिकेवर दरवर्षी पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, एखाद्या ट्रंकेत ती पुस्तिका अजून असेल. तीही फक्त ऐकण्यासाठी होती, बोलण्यासाठी नाही.

पुढच्या आवृत्त्या पटकन बघू. १९६४ ला कॉमिकमध्ये रेडिओचा टीव्ही झाला, ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर. खऱ्या जगात ३ एप्रिल १९७३ ला मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने न्यूयॉर्कच्या फुटपाथवर उभं राहून बेल लॅब्जमधल्या प्रतिस्पर्ध्याला फोन लावला. फोन किलोभराच्या वर, बोलणं अर्ध्या तासाच्या आसपास, चार्जिंग दहा तास. प्रेरणा स्टार ट्रेक नव्हे, डिक ट्रेसी, असं कूपरनी नंतर सांगितलंय. २०१५ ला ॲपल वॉच आलं, दिवसभराची बॅटरी धरून अठरा तास. ऐंशी वर्षांनंतरही रडगाणं बॅटरीचंच.

२०१८ मध्ये त्याच घड्याळात वॉकी-टॉकी ॲप आलं, बटण दाबून बोलायचं, अगदी ट्रेसीसारखं. जुलै २०१९ मध्ये कंपनीने ते काही दिवस बंद ठेवलं, कारण त्यातल्या एका दोषामुळे मालकाला न कळता त्याच्या फोनमधून दुसऱ्याला ऐकता येण्याची शक्यता सापडली. मी स्वतः असल्या सिस्टिम लिहितो, म्हणून सांगतो: मायक्रोफोन कधी उघडा आहे, हे बटण ठरवत नाही. बटण फक्त विनंती करतं. ठरवतो कुठल्यातरी सर्व्हरवरचा एक फ्लॅग.

आणि आता ते 'टू-वे' आठवा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कंट्रोल रूमच्या पडद्यावर प्रत्येक माणूस एक ठिपका. नेमून दिलेल्या हद्दीत ठिपका किती वेळ राहिला त्यावरून हजेरी, आणि हजेरीवरून पगार. चंदीगडमध्ये अशीच घड्याळं आली, त्यात कॅमेरा आणि मायक्रोफोनही. तिथल्या महिला कामगारांनी विचारलं की बाथरूममध्ये जाताना याचं काय करायचं. माझ्या मते गेल्या ऐंशी वर्षांत या गॅजेटचा इतका नेमका रिव्ह्यू दुसऱ्या कोणी केला नाही. हजेरीत लबाडी होते, मुकादम खोटी नावं लावतात, हे खरंच आहे आणि ते थांबायला हवं. गैरहजर माणसाचा पगार कोण खातं हे कामगारांनाही माहीत असतं. पण झाडू मारणाऱ्याला त्या घड्याळातून साहेबाला विचारता येतं का, की हातमोजे कुठे आहेत?

तेव्हा माझे गुण: आकाराला दहापैकी आठ, अँटेनाला नऊ, बॅटरीला शून्य, आणि 'टू-वे'ला... हे घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे ते आधी सांगा, मग देतो.

पुढच्या भागात पेजर. ग्रॉसने तो डॉक्टरांसाठी काढला होता, आणि सुरुवातीला डॉक्टरांनाच तो नको होता. भेटूया.